पाणी दारात येण्याआधी: कृष्णा-पंचगंगेकाठच्या घरासाठी पुराची क्रमवार तयारी

कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यात 2005, 2019 आणि 2021 हे तीन पूर पाहिलेली माणसं घरोघरी आहेत. तरी दर वेळी तयारीचा क्रम चुकतोच. "2005ला इथवर आलं नव्हतं" म्हणून 2019 साली कितीतरी घरं थांबून राहिली आणि पाणी जुन्या खुणेच्या वर गेलं. 2021ला कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पातळी 56 फुटांच्या वर गेली, म्हणजे 2019च्याही पुढे. मागच्या पुराची खूण मोजमापासाठी कामाची आहे. पाणी तिथंच थांबेल, असं मात्र तिच्यावरून कुणी धरून चालू नये.

पुढचे टप्पे नदीकाठच्या गावात राहणाऱ्या, थोडी शेती आणि दोन-चार जनावरं असलेल्या घरासाठी लिहिले आहेत. शहरात राहणाऱ्यांनी गोठ्याचा भाग सोडून द्यावा, बाकी सगळं लागू आहे.

टप्पा 1 (मे महिना): आपल्या घराचा आणि आपल्या रस्त्याचा आकडा काढा

बातम्यांत दोन आकडे सतत येतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा 40, धोका 45. हे आकडे प्रशासनाच्या कामाचे आहेत. तुमच्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार, ते त्यांतून कळत नाही. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो, आणि तो निघतो एका दुपारीत.

गवंड्याकडची पारदर्शक नळी, म्हणजे लेव्हल पाइप, मागून आणा. गावात देवळाच्या, शाळेच्या किंवा एखाद्या घराच्या भिंतीवर 2019 किंवा 2021च्या पुराची खूण असतेच. ऑइलपेंटची रेघ नसली तर गाळाचा डाग असतो. नळीत पाणी भरा, आतले बुडबुडे झटकून काढा (एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं), एक टोक खुणेला धरा आणि दुसरं आपल्या घराकडे न्या. अंतर जास्त असेल तर मधल्या भिंतींवर खडूने खुणा करत टप्प्याटप्प्याने या. आता उंबऱ्यापासून त्या पातळीपर्यंत टेप लावा.

समजा सांगलीच्या बाजूचं गाव आहे आणि 2019ची खूण तुमच्या उंबऱ्यापेक्षा 6 फूट वर भरली. त्या वर्षी आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 57 मधून 6 वजा केले की 51. आयर्विनला साधारण 51 झालं की पाणी तुमच्या उंबऱ्याला.

बहुतेक लोक इथंच थांबतात. खरं काम याच्या पुढं आहे.

गावातून बाहेर पडायच्या रस्त्यावरची सगळ्यात सखल जागा शोधा. ओढ्यावरची फरशी असेल, जुना पूल असेल, नाहीतर उसाच्या फडांमधून जाणारा डांबरी तुकडा असेल. ती जागा उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे, ते त्याच नळीने मोजा. समजा 5 फूट खाली निघाली. म्हणजे रस्ता 46लाच बंद होणार, तर घरात पाणी यायला 51 लागणार. घर कोरडं आणि रस्ता बंद, अशा अवस्थेत माणसं अडकतात आणि मग बोटीची वाट बघत माळ्यावर बसतात.

तुमचा हलण्याचा आकडा निघतो तो रस्त्याच्या आकड्यावरून. जनावरांसकट सगळं हलवायला 12 तास लागणार असतील आणि पाणी तासाला 3 इंचांनी चढत असेल, तर तेवढ्या वेळात ते 3 फूट चढेल. 46 वजा 3, म्हणजे 43. सांगलीच्या धोका पातळीच्याही 2 फूट आधी तुम्ही हलायला सुरुवात केलेली असायला हवी. हा आकडा घराच्या दारामागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सावध: नदीचं पाणी सगळीकडे एका पातळीत नसतं. मापनाच्या ठिकाणापासून तुम्ही जितके लांब, तितका हिशेब सैल धरा आणि हलण्याचा आकडा आणखी फूटभर खाली घ्या. शिरोळ तालुक्यातल्या गावांनी कोल्हापूरच्या आकड्यावर विसंबूच नये. तिथं नृसिंहवाडी आणि राजापूर बंधाऱ्याची पातळी बघायची.

टप्पा 2 (जूनच्या पहिल्या पावसाआधी): ठिकाण, कागद, वैरण

*ठिकाण आधी ठरवा.* ऐन पावसात पाव्हण्यांना फोन लावत बसू नका. माळावरच्या नातेवाइकांशी आत्ताच बोला आणि स्पष्ट विचारा: "आम्ही पाच माणसं आणि तीन म्हशी, आठ दिवस. जमेल का?" म्हशी राहतील असं घर मिळत नसेल, तर तालुक्यात जनावरांचा निवारा कुठं उघडतात हे ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. माणसांचं आणि जनावरांचं ठिकाण वेगळं असेल, तर जनावरांपाशी कोण राहणार हेही आत्ताच ठरवा.

*कागद.* आधार, रेशनकार्ड, सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, लाइटबिल, बँक पासबुक, गाडीचं आरसी, विमा पॉलिसी आणि दवाखान्याच्या फायली. सगळं जाड प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत ठेवा. प्रत्येकाचा फोटो काढून गावाबाहेरच्या एका माणसाला पाठवा. घरातल्या प्रत्येक खोलीचे, फ्रिज-टीव्हीचे, गोठ्याचे आणि जनावरांचे फोटोही आत्ताच काढा. नुकसान दाखवायच्या वेळी "आधी काय होतं" याचा पुरावा तोच असतो. भाडेकरूंनी भाडेकरार किंवा निदान लाइटबिल आणि घरमालकाचं पत्र जवळ ठेवावं. पंचनाम्यात सगळ्यात आधी गळतात ती त्यांचीच नावं.

*जनावरं.* कानातला बिल्ला पडला असेल तर परत मारून घ्या. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून झाली पाहिजे, कारण निवाऱ्यात शंभर जनावरं एकत्र आली की रोग पसरायला वेळ लागत नाही. मोठ्या जनावराला दिवसाला 15 ते 20 किलो ओली आणि 5-6 किलो वाळली वैरण लागते. ओली नेता येणार नाही, म्हणून वाळली वैरण जूनमध्येच त्या उंचावरच्या ठिकाणी नेऊन टाका. ती गोठ्याच्या माळ्यावर राहिली, तर जनावरं हलवूनही वैरणीसाठी माणूस परत पाण्यात उतरतो.

*औषधं.* बीपी-शुगरच्या गोळ्या 15 दिवसांच्या जादा आणा. घरात डायलिसिसचा रुग्ण किंवा शेवटच्या महिन्यातली गरोदर बाई असेल, तर त्यांनी हलण्याच्या आकड्याची वाट बघायचीच नाही. इशारा पातळीची बातमी आली की दवाखाना जवळ असलेल्या गावी जायचं.

तपासा: ठिकाण पक्कं, कागदांची पिशवी भरलेली, वैरण वर पोहोचलेली, दारामागं आकडा लिहिलेला. चारांपैकी एकही बाकी असेल तर बाकीची तयारी कागदावरच राहणार.

टप्पा 3 (पाऊस लागल्यावर): बातमी वाचायची कशी

"इतके बंधारे पाण्याखाली" ही ओळ दर जुलैत येते. तिनं घाबरायचं कारण नाही, कारण कोल्हापुरी बंधारे पावसाळ्यात बुडतातच. बघायच्या गोष्टी तीन.

पहिली, चढण्याचा वेग. दर तीन तासांनी पातळी वहीत लिहा. 38 फूट हा आकडा एकटा काही सांगत नाही. सकाळी 35 होता आणि संध्याकाळी 38 झाला, तर तासाला साधारण 4 इंचांनी चढतंय. मग वरच्या उदाहरणातल्या घराला 43 वर थांबून चालणार नाही, हिशेब नव्याने करायला लागेल.

दुसरी, धरण किती भरलंय. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून साधारण 1,428 क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी भोगावतीत आणि पुढं पंचगंगेत येतं. धरण काठोकाठ आणि वर पाऊस चालू, म्हणजे दरवाजे उघडणार हे धरूनच चाला. सांगलीकरांनी कोयनेसोबत वारणेचाही विसर्ग बघावा. वारणा हरिपूरजवळ, म्हणजे सांगलीच्या लगेच खाली, कृष्णेला मिळते. ती फुगली की वरचं पाणी तुंबतं.

तिसरी, खालची नदी. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही आणि फुगवटा मागं येतो. म्हणून कोल्हापुरात ऊन पडलं तरी शिरोळकडचं पाणी हलत नाही. "पाऊस थांबला, आता उतरेल" हा अंदाज तिथं हमखास फसतो.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो की नाही, हा वाद पारावर जरूर घाला, फक्त म्हशी हलवून झाल्यावर.

चूक: व्हॉट्सअॅपवर आलेला "धरण फुटलं" किंवा "आज रात्री इतके लाख क्युसेक सोडणार" असला मजकूर पुढं ढकलणं. खात्री करायची तर जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077 वर आहे.

टप्पा 4: हलण्याचा दिवस, आणि त्यातला क्रम

*1. शेतातली मोटार.* नदीकाठची मोटार, स्टार्टर आणि केबल इशारा पातळीच्या आधीच काढायची. मोटारीची किंमत मोठी, म्हणून शेवटच्या रात्री चढत्या पाण्यात उतरून ती काढायचा मोह होतो. पायाखालचा काठ खचलेला असतो, वीज चालू असू शकते, अंधार असतो. वेळेत निघाली नाही तर ती गेली असं समजा आणि नदीकडे फिरकू नका.

*2. जनावरं.* ही माणसांच्या आधी. भांडी आणि गाद्या माळ्यावर चढवून मग गोठ्याकडे वळायची सवय आहे, ती मोडा. म्हैस घरी आहे म्हणून म्हातारा हलत नाही, म्हातारा हलत नाही म्हणून पोरगा थांबतो, आणि मग एका घरासाठी बोट फेऱ्या मारते. गोठा रिकामा झाला की माणसं आपोआप निघतात. टेम्पो एकच असेल तर गल्लीनं मिळून फेऱ्या ठरवा. काही कारणानं जनावर मागं राहिलंच तर दावं कापून मोकळं सोडा; बांधलेलं जनावर पोहूही शकत नाही.

*3. म्हातारी माणसं, मुलं, बायका,* कागदांची पिशवी आणि औषधं घेऊन. मागं राहतील ती फक्त दोन धडधाकट माणसं, तीही उजेड असेपर्यंतच.

*4. घर बंद करणं.* मागं राहिलेल्या दोघांनी याच क्रमाने करायचं:

- विषारी औषधांचे डबे, तणनाशक आणि खतांची पोती सगळ्यात आधी वर न्या. नंतर कुठली बाटली कुणाच्या विहिरीत तरंगत गेली, ते शोधता येत नाही.
- धान्य माळ्यावर. माळा खुणेच्या खाली येत असेल तर धान्य गावाबाहेर.
- गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर वर न्या. वर जागा नसेल तर उभा करून खांबाला बांधा, नाहीतर तो तरंगत जातो.
- इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून वर ठेवा.
- वरची पाण्याची टाकी भरून ठेवा. परत आल्यावर धुवायला पाणी मिळतं आणि टाकी जागेवरूनही हलत नाही.
- संडासच्या भांड्यात वाळूनं भरलेलं पोतं दाबून बसवा. घाण उलटी येते ती याच वाटेनं, आणि बऱ्याचदा पुराच्या पाण्याच्या आधी.
- मेन स्विच बंद. हे शेवटी, आणि कोरड्या पायांनी. पाणी बोर्डाजवळ पोहोचलं असेल तर हात लावू नका, महावितरणला कळवा.

थांबा आणि तपासा: रस्त्यावर वाहतं पाणी आलं असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं, आणि त्याच्या खाली रस्ता उरलाय की वाहून गेलाय ते दिसत नाही. "आत्ता तर तो ट्रॅक्टर गेला" यावर जाऊ नका, ट्रॅक्टर उंच आणि जड असतो.

टप्पा 5: अडकलातच तर

गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर जा, मातीच्या घरात थांबू नका. 112 किंवा 1077 वर फोन करताना चार गोष्टी सांगा: गाव आणि गल्ली, जवळची ठळक खूण, माणसं किती, आजारी कोण. मग फोन ठेवा आणि बॅटरी वाचवा. व्हिडिओ नंतर काढता येतील.

बोट आली की नियम एकच: बोट चालवणारा म्हणेल तेवढीच माणसं, लाइफ जॅकेट घालून, खाली बसून. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट 2019 मध्ये बोट उलटून अनेकांचा जीव गेला, त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. दुसरी फेरी होत असते. सामानाची पोती बोटीत घेऊ नका.

प्यायचं पाणी भांड्यांत भरून ठेवलेलं हवं. महापुरात शहराचे उपसा पंपच पाण्याखाली जातात आणि नळ कोरडे पडतात, कोल्हापूरनं हे 2019 साली पाहिलं आहे.

टप्पा 6: परत आल्यावर

घाई इथं जास्त महागात पडते, कारण भीती गेलेली असते.

आत जाण्याआधी घराला बाहेरून फेरी मारा. मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंती पाणी चढताना टिकतात आणि उतरल्यावर, ओल धरून, बसतात. भिंत फुगलेली दिसली, तिरकी भेग दिसली किंवा कोपऱ्यात जोता खचलेला दिसला, तर आत पाऊल टाकू नका.

आत गेल्यावर काठीनं आवाज करत, कोपरे आणि अंथरुणं उलटून बघा. साप कोरडी जागा शोधत वरच्या फळीवरही चढतात. चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला चालवत न नेता 108ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या.

मग फोटो. झाडू हातात घेण्याआधी. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे (शेजारी टेप धरून), बुडालेल्या वस्तूंचे. फोटो झाले की मात्र गाळ लगेच काढा. ओला असताना तो फळीनं ढकलत पाण्याबरोबर बाहेर जातो, वाळला की टिकाव लागतो.

विजेची मेन वायरमननं तपासल्याशिवाय चालू करायची नाही. बुडालेली दुचाकी-चारचाकी "चालू होते का बघू" म्हणून सुरू करू नका. इंजिनात पाणी असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या सर्वंकष पॉलिसीतही विमा कंपनी ते नुकसान नाकारू शकते. टोइंग करून गॅरेजला न्या. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही.

*विहीर.* आधी गढूळ पाणी उपसा. मग ब्लीचिंग पावडरचा हिशेब करा: विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), त्याला 0.785 ने गुणा, आलं ते घनमीटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 28 घनमीटर, म्हणजे 28 हजार लिटर. हजार लिटरला 2.5 ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे 70 ग्रॅम. पुरानंतर दुप्पट घ्या, 140 ग्रॅम, आणि एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त न घेता दोनदा करा. पावडरीची थोड्या पाण्यात पेस्ट करा, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. तळाला चुना बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीनं विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. बहुतेक ठिकाणी पावडर सरळ मुठीनं फेकतात, ती अशी फुकट जाते. तासभर पाणी वापरू नका. नंतर ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी) करून घ्या. तोवर पाणी उकळूनच प्या.

गाळ काढताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना सांगा. प्रतिबंधक गोळ्या त्यांच्याच सल्ल्यानं घ्या.

टप्पा 7: पंचनामा

पंचनाम्याला माणूस आला तेव्हा घरी कुणी नव्हतं, ही तक्रार दर पुरानंतर ऐकू येते. गाव मोकळं होताच घरातला एक माणूस दिवसा घरी थांबेल असं बघा.

मदत ठरवताना घर किती वेळ पाण्यात होतं, हेही बघितलं जाऊ शकतं. म्हणून पाणी घरात कधी शिरलं आणि कधी उतरलं, तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. जनावर दगावलं असेल तर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवून शवविच्छेदनाचा दाखला घ्या. एकदा पुरलं की पुरावाच राहत नाही. पिकाचे फोटो शेताच्या ओळखू येईल अशा खुणेसह काढा, आणि ई-पीक पाहणीत पीक नोंदवलेलं आहे ना ते बघा. सातबारावर ऊस आणि रानात सोयाबीन असं असेल तर अडचण होते.

पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा: नाव आधारप्रमाणे, खाते क्रमांक, गट नंबर, "अंशतः" की "पूर्णतः". त्याचा फोटो काढून ठेवा. यादी ग्रामपंचायतीत लागते. नाव नसेल तर तोंडी सांगून गप्प बसू नका, तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

टप्पा 8: दुरुस्ती करताना

होतं तसंच परत बांधू नका. वीज बोर्ड आणि मीटर खुणेच्या वर घ्या. मीटर हलवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो, स्वतः वायर वाढवू नका. खालच्या खोलीत प्लायवुडचं कपाट आणि पीओपी नको. सिमेंटचे कप्पे आणि फरशी धुऊन परत वापरता येते. एक माळा आरसीसीचा करा, बाहेरून जिना द्या, म्हणजे गच्चीवर जायला घरातून वाट काढावी लागत नाही.

नवीन जागा घेत असाल तर आधी पूररेषा बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. नकाशा नगररचना किंवा पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात बघायला मिळतो. "भराव टाकून उंच केलंय" असं सांगणाऱ्या बिल्डरला दोन गोष्टी विचारा: भरावाची परवानगी दाखवा, आणि 46 फुटांना तुमचा रस्ता चालू असतो का?